रोज चालू-बंद होणाऱ्या जनरेटरचा रोटर किती स्टार्ट टिकतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गॅस टर्बाइनवर चालणारा, साधारण शंभर मेगावॅटचा, ३,००० आरपीएमचा (मिनिटाला ३,००० फेरे), दोन पोलचा एअर-कूल्ड जनरेटर. रोटर म्हणजे त्याचा आतला फिरणारा भाग. नव्वदच्या दशकात बसवलेला. सुरुवातीची बरीच वर्षं तो बेसलोडवर (न थांबता, सलग) चालला, वर्षातून मोजकेच स्टार्ट झाले. आता दुपारी सौर वीज भरपूर असते म्हणून सेट (टर्बाइन आणि जनरेटरची जोडी) बंद ठेवतात आणि संध्याकाळच्या मागणीला चालू करतात, म्हणजे जवळजवळ रोज एक स्टार्ट. टर्बाइनच्या निर्मात्याने स्टार्टचा आणि तासांचा रीतसर हिशेब दिलेला आहे. जनरेटरसाठी तसा कागद कुणाकडेच नाही. वरिष्ठ म्हणतात, "जनरेटर काय टर्बाइनसारखा हजार डिग्रीला तापतो का? त्याला काही होत नाही." आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की हा रोटर अजून किती स्टार्ट काढेल.

वरिष्ठांचं अर्धं बरोबर आहे. टर्बाइनचे ब्लेड ज्या तापमानाला काम करतात तिथे धातू हळूहळू ताणला जातो, तसं जनरेटरच्या रोटरमध्ये होत नाही. इथलं पोलाद शंभर डिग्रीच्या आगेमागे असतं आणि त्या तापमानाला त्याला कित्येक दशकं काही होत नाही. पण रोटरच्या पोलादाला थकवतो तो वेग. शून्यावरून ३,००० आरपीएमला जाणं आणि परत शून्यावर येणं, ही एक फेरी त्याच्या हिशेबात धरली जाते. बेसलोडवर वर्षानुवर्षं अखंड फिरणारा रोटर या हिशेबात जवळजवळ काहीच खर्च करत नाही. त्यामुळे तुमच्यासाठी पहिली बातमी चांगली आहे: वयाने जुना असला तरी थकव्याच्या खात्यात तुमचा रोटर बराच कोरा असण्याची शक्यता आहे.

तरीही "किती स्टार्ट" याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही, कारण रोटर हा एकसंध तुकडा नाही. फोर्जिंग (घडवलेला पोलादी गाभा), त्यात कापलेले स्लॉट (लांब खाचा), स्लॉटमध्ये तांब्याच्या पट्ट्या (त्यांचीच वाइंडिंग), त्यांच्यावर वेज (त्यांना अडवणाऱ्या पाचरी), दोन्ही टोकांना रिटेनिंग रिंग (जाड धातूची कडी), आत करंट नेणाऱ्या लीड्स, इन्सुलेशन. यातला प्रत्येक भाग वेगळ्या कारणाने थकतो. माझ्या अनुभवात फोर्जिंगचं आयुष्य संपलं म्हणून रोटर बाहेर काढावा लागणं विरळा. लीड तुटली, टर्न शॉर्ट झाले (वाइंडिंगचे शेजारचे वेढे एकमेकांना विजेने जोडले गेले), रिंगवर खड्डे पडले म्हणून काढावा लागणं नेहमीचं. म्हणून खरा प्रश्न असा मांडायला हवा: कोणता भाग, कोणत्या प्रकारच्या फेरीने, आणि तो भाग शेवटचा डोळ्यांनी कधी पाहिला होता?

तरी सुरुवातीला हाताशी एक आकडा हवाच. आयईसी ६००३४-३ हे टर्बोजनरेटरचं मानक रोटरची यांत्रिक रचना किमान ३,००० स्टार्टसाठी असावी असं सांगतं, आणि रोज चालू-बंद होणाऱ्या सेटसाठी १०,०००. रोज एक स्टार्ट धरला तर ३,००० म्हणजे सव्वाआठ वर्षं आणि १०,००० म्हणजे सत्तावीस. तेव्हा आधी खरेदीच्या वेळची स्पेसिफिकेशनची फाइल शोधा आणि तुमच्या यंत्रासाठी यातला कोणता आकडा धरला होता ते पाहा. बेसलोडसाठी घेतलेल्या सेटला बहुधा पहिलाच आकडा असतो, आणि जुन्या करारांत तर तो लिहिलेलाच नसतो असंही होतं. फाइल नाही सापडली तर निर्मात्याला पत्र पाठवून रोटरच्या सीरियल नंबरसह विचारा. उत्तर यायला वेळ लागतो, पण येतं. मात्र हा आकडा पोलादाच्या रचनेचा आहे. इन्सुलेशन, ओलावा, चुकीचं सिंक्रोनायझिंग (ग्रिडशी ताल जुळवून जोडणं) यांच्याबद्दल तो काहीही सांगत नाही.

आता वेगाचं काय होतं ते नीट पाहू. एक मीटर व्यासाचा रोटर ३,००० आरपीएमला फिरतो तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५,००० पट त्वरण असतं. म्हणजे परिघाजवळच्या एक किलो तांब्याचा बाहेरच्या दिशेने भार पाच टन. स्लॉटमधलं सगळं तांबं या भाराने वेजवर दाबतं, वेज स्लॉटच्या दोन बाजूंच्या दातांच्या (दोन स्लॉटमधल्या पोलादाच्या) खांद्यांवर रेलतात, आणि दात तो सगळा भार मुळाशी पेलतात. सेट चालू असेपर्यंत हा भार स्थिर राहतो. स्थिर भाराने थकवा येत नाही. सेट थांबला की भार शून्य, पुन्हा चालू केला की पूर्ण. दाताच्या खांद्याचा आतला कोपरा, वेजचं टोक, वायुवीजनाच्या भोकाची कड अशा जागी ताण सरासरीच्या काही पट असतो, आणि तिथला धातू दर फेरीला थोडा थोडा झिजत जातो.

हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यातून रोजच्या कामाच्या दोन-तीन गोष्टी निघतात, म्हणून जरा थांबून सांगतो. कॉम्प्रेसर धुण्यासाठी किंवा पर्जसाठी (आत उरलेला गॅस हवेने बाहेर काढण्यासाठी) सेट वीस-पंचवीस टक्के वेगाने फिरवला तर ताण पूर्ण ताणाच्या चार ते सहा टक्केच असतो. त्याला स्टार्ट म्हणून मोजायचं कारण नाही. उलट नव्वद टक्के वेगावर जाऊन फसलेला स्टार्ट, ज्यात सेट ग्रिडला जोडलाही गेला नाही, त्यात ताण ८१ टक्के असतो. लॉगबुकमध्ये तो "अयशस्वी" म्हणून नोंदवला जातो आणि गणतीत येत नाही. रोटरने मात्र जवळपास सगळा भार सोसलेला असतो. तो पूर्ण स्टार्ट म्हणूनच धरा. आणि ओव्हरस्पीड टेस्ट: ११० टक्के वेगाला ताण २१ टक्के जास्त, १२० टक्क्यांना ४४ टक्के जास्त. ताण आणि आयुष्य यांचं नातं सरळ रेषेचं नसतं, ताण थोडा वाढला की आयुष्य पुष्कळ कमी होतं. म्हणून प्रत्यक्ष वेग वाढवून घ्यायची ओव्हरस्पीड टेस्ट जितकी नियमाने लागते तितकीच करावी. "एकदा अजून बघू" म्हणून ती परत घेताना कुणी दिसलं की मला राहवत नाही, मी थांबवतो.

या टेस्टबद्दल अजून एक गोष्ट. ती थंड रोटरवर करू नये. जुनं पोलाद थंड असताना ठिसूळ वागतं. अमेरिकेत १९५४ साली एकाच वर्षात टर्बाइन आणि जनरेटरचे अनेक रोटर फुटले, आणि १९७४ मध्ये टेनेसीतल्या गॅलॅटिन केंद्रात टर्बाइनचा एक रोटर कोल्ड स्टार्टच्या वेळी फुटला. त्या १९५४ च्या घटनांनंतर फोर्जिंगसाठी पोलाद निर्वातात ओतून त्यातला हायड्रोजन काढण्याची पद्धत रुळली. तुमचा नव्वदच्या दशकातला रोटर त्या धोक्यातला नाही. पण हे वाचणाऱ्या कुणाकडे साठच्या दशकातला किंवा त्याआधीचा, मधून भोक असलेला रोटर असेल आणि तो आता रोज चालू-बंद व्हायला लागला असेल, तर त्या भोकाची अल्ट्रासोनिक तपासणी करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा थकवा वेगळ्या जातीचा असतो. रोटर दोन बेअरिंगवर आडवा टेकलेला असतो, स्वतःच्या वजनाने किंचित झुकतो. फिरताना त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. मिनिटाला ३,००० वेळा, दिवसाला ४३ लाख वेळा. हा ताण लहान असतो आणि निर्दोष पोलादाला त्याचं काही वाटत नाही. पण चालू-बंदच्या फेऱ्यांनी एखाद्या कोपऱ्यात भेग उगवली आणि ठरावीक खोलीपर्यंत गेली, की हा लहान ताण तिला पुढे ढकलायला पुरेसा होतो. मग वर्षांचा हिशेब राहत नाही. भेग उगवायला हजारो स्टार्ट लागतात, आणि पुढचा प्रवास काही आठवड्यांतसुद्धा उरकू शकतो. यासाठीच मी म्हणतो की व्हायब्रेशन वाढेपर्यंत वाट पाहण्याचं धोरण रोटरच्या शाफ्टसाठी चालत नाही.

पण इथे रोजचं चालू-बंद तुमच्या हातात एक गोष्ट देतं जी बेसलोडवाल्यांना कधी मिळाली नाही. रोज एक रन-अप (वेग चढणं) आणि रोज एक कोस्ट-डाउन (वेग उतरत थांबणं). शाफ्टला आडवी भेग असेल तर फिरण्याच्या दुप्पट वारंवारतेचं व्हायब्रेशन वाढतं, आणि वेग क्रिटिकल स्पीडच्या (ज्या वेगाला शाफ्ट सगळ्यात जास्त थरथरतो त्याच्या) निम्म्यावरून जाताना ते ठळक दिसतं. शिवाय क्रिटिकल स्पीड स्वतः थोडा खाली सरकतो. चालू सेटवर हे कळत नाही, कोस्ट-डाउनमध्ये कळतं. तुमच्या व्हायब्रेशन सिस्टिममध्ये ही नोंद बहुधा आपोआप साठत असेल. ती कुणी उघडून पाहत नाही इतकंच. आठवड्यातून एक कोस्ट-डाउन निवडा, एकाच लोडवरून आणि सारख्या तापलेल्या अवस्थेतून थांबलेला, आणि जुन्या आलेखावर ठेवून पाहा. सवय लागली की पाच मिनिटांचं काम आहे.

आता भागांकडे येतो. दात आणि वेज यांच्याबद्दल वर बोललो. तिथली एक खास जागा म्हणजे जिथे दोन पोलादी वेज टोकाला टोक लावून बसतात. वेजचं टोक दाताच्या खांद्यावर दर चालू-बंदला केसभर घासतं, घासलेल्या जागी तांबूस-तपकिरी भुकटी दिसते, आणि भेगेला तिथून सुरुवात मिळते. काही डिझाइनमध्ये ही अडचण जास्त, काहींमध्ये जवळजवळ नाही. वेज अॅल्युमिनियमचे की पोलादाचे, लांब की तुकड्यातुकड्यांचे, यावर ते अवलंबून असतं. वेज काढल्यावर खांद्यांची एडी करंट तपासणी (धातूत भोवरा-करंट निर्माण करून भेगा शोधणं) करता येते. उथळ भेग लवकर सापडली तर घासून, गोलाई देऊन काढता येते आणि रोटर पुन्हा वर्षानुवर्षं चालतो.

रिटेनिंग रिंगची गोष्ट निराळी. ही रिंग स्लॉटबाहेर आलेल्या तांब्याला उडून जाण्यापासून अडवते आणि गरम करून, आवळून बसवलेली असते. त्यामुळे सेट थांबलेला असतानासुद्धा ती ताणाखालीच असते. तिचा ताण शून्यावर कधी येत नाही, चालू झाल्यावर वाढतो. या आवळून बसण्याच्या जागेवर थांबताना-सुटताना सूक्ष्म सरकणं होतं आणि तिथे घासल्याच्या खुणा येतात. पण रिंगचा खरा शत्रू ओलावा. जुन्या रिंग ज्या मिश्रधातूच्या असत त्यात सुमारे १८ टक्के मँगेनीज आणि ५ टक्के क्रोमियम असे. ओलाव्यात, ताणाखाली त्याला भेगा पडतात. म्हणून ऐंशीच्या दशकात १८ टक्के मँगेनीज आणि १८ टक्के क्रोमियमचा मिश्रधातू आला. तुमची रिंग कोणती ते कागदावर पाहून घ्या, अंदाज नको. १८-५ असेल तर रोजचं चालू-बंद सुरू ठेवण्याआधीच रिंग बदलण्याचा विचार करा, असं मी स्पष्ट सांगेन.

ओलाव्याचा चालू-बंदशी संबंध असा की बेसलोडवरचा रोटर कायम गरम आणि कोरडा असतो. थांबलेला रोटर नसतो. समुद्राजवळच्या केंद्रात, पावसाळ्यात, सकाळची दमट हवा थंड धातूवर आली की दव पडतं. तुमच्यासारख्या एअर-कूल्ड यंत्रात, हवा बंद चक्रात फिरून पाण्याच्या कूलरने थंड होत असेल, तर सेट थांबल्यावरही कूलरचं पाणी तसंच चालू ठेवलेलं मी अनेक ठिकाणी पाहिलंय. मग आतली हवा बाहेरच्या दवबिंदूखाली जाते आणि जनरेटरच्या आत अक्षरशः घाम सुटतो. सेट थांबून रोटर निवला की कूलरचं पाणी बंद, स्पेस हीटर चालू, आणि हीटर खरंच करंट घेतोय की नुसता दिवा लागलाय हे क्लॅम्प मीटरने पाहायचं. या एका शिस्तीने रिंगचं जितकं आयुष्य वाचतं तितकं दुसऱ्या कशाने वाचत नाही.

आणि आता तांबं. माझ्या मते तुमच्या यंत्राची सगळ्यात कमकुवत जागा इथे आहे, म्हणून यावर थोडं लांबेल.

तांबं तापलं की पोलादापेक्षा जास्त वाढतं. समजा रोटरच्या पोलादी भागाची लांबी चार मीटर, तांब्याचं तापमान ८० अंशांनी वाढलं आणि पोलादाचं ४० अंशांनी. मोकळं सोडलं तर तांबं पोलादापेक्षा साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जास्त वाढेल, म्हणजे प्रत्येक टोकाला पावणेदोन. पण ते मोकळं नसतं. सेट आधी वेगात येतो, मग फील्ड करंट (रोटरला चुंबक बनवणारा, याच तांब्यातून वाहणारा करंट) वाढतो. तोवर किलोला पाच टनाच्या भाराने तांबं वेजखाली गच्च दाबलं गेलेलं असतं. वाढायचंय पण जागा नाही, म्हणून ते स्वतःतच दबतं. मऊ तांबं असेल तर ते किंचित कायमचं आखूड होतं. सेट थांबतो, तांबं निवतं, आणि आधीपेक्षा केसभर लहान होऊन बसतं. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. यावर उपाय म्हणून तांब्यात अगदी थोडी, सुमारे ०.१ टक्का चांदी मिसळतात. त्याने ते दबण्याला जास्त तोंड देतं. तरीसुद्धा टोकाकडची वाइंडिंग दर फेरीला थोडी पुढेमागे होतेच. तिथले इन्सुलेशनचे ठोकळे सरकतात, स्लॉटमधली इन्सुलेशनची पट्टी एका बाजूला बाहेर डोकावायला लागते आणि हवेची भोकं अर्धवट झाकते.

या हालचालीचा मार बसतो तो जोडण्यांवर: शाफ्टच्या आतून येणाऱ्या लीडला वरच्या कॉइलशी जोडणारा वाकवलेला तुकडा, एका पोलवरून दुसऱ्या पोलवर जाणारी पट्टी, कॉइल-कॉइलमधले सांधे. त्यांचं एक टोक शाफ्टशी बांधलेलं, दुसरं सरकणाऱ्या वाइंडिंगशी. रिंग उतरवल्यावर मी सगळ्यात आधी तिथे जातो. भिंग आणि चांगला टॉर्च घेऊन, ब्रेझिंग (सांध्याचं डाख) जिथे संपतं त्या रेषेवर. तिथे तांबं ब्रेझिंगच्या उष्णतेने मऊ झालेलं असतं आणि लगेच पुढे मोकळा भाग सुरू होतो. भेग तिथेच येते. अनेक पातळ पानांची पट्टी असेल तर बाहेरचं पान आधी जातं. कडेला केसाएवढी काळी रेघ, आणि आजूबाजूच्या तांब्यावर निळसर-जांभळट छटा, म्हणजे उरलेल्या पानांवर करंट जास्त होऊन ती तापायला लागलीत. एकच जाड घन तुकडा असेल तर ही सवलत नसते. तो तुटला की तिथे आर्क पेटतो, तांबं वितळतं आणि वितळलेलं तांबं रिंगच्या आतल्या बाजूवर जातं. असं झालं तर सेट महिनोन् महिने बंद. बेसलोडसाठी बनवलेल्या यंत्रात असे घन तुकडे असणं साधारण आहे, आणि रोजच्या चालू-बंदसाठी ते बदलून वळणाची, पानांची लवचीक पट्टी बसवणं ही माझ्या लेखी या रोटरवर खर्च करायची पहिली गोष्ट आहे.

इथे कोळशाच्या सेटवर काम करणाऱ्यांनीही लक्ष द्यावं, कारण त्यांचा प्रश्न वेगळा पण नातलग आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांनी कोळशाच्या सेटना ५५ टक्के लोडपर्यंत, आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरण्याची क्षमता ठेवायला सांगितलंय. तिथे सेट थांबत नाही, वेग तोच राहतो, म्हणून दातांना आणि वेजना काहीच कळत नाही. तांब्याला मात्र कळतं. फील्ड करंट कमी-जास्त झाला की त्याच्या वर्गाने उष्णता कमी-जास्त होते. आणि हा करंट फक्त मेगावॅटवर ठरत नाही, रिअॅक्टिव्ह लोडवरही ठरतो (ग्रिडचं व्होल्टेज सांभाळणारा लोड, त्याचं माप व्हार). दुपारी ग्रिडचं व्होल्टेज चढलेलं, सेट व्हार शोषतोय, फील्ड करंट तळाला. संध्याकाळी व्होल्टेज पडलं, सेट व्हार देतोय, फील्ड करंट माथ्याला. मेगावॅटच्या आलेखात शांत दिसणारा दिवस तांब्यासाठी मोठी फेरी असू शकतो. म्हणून हिशेब फील्ड करंटच्या आलेखावरून करा.

जलविद्युतवाल्यांचा रोटर आणखी वेगळा. कोयनेचं पश्चिमेला वळवायचं पाणी मर्यादित असल्यामुळे तिथले सेट मुळातच पीकसाठी चालवले जातात, आणि घाटघरचे १२५ मेगावॅटचे दोन उलटसुलट सेट पाणी चढवताना एका दिशेने आणि वीज बनवताना दुसऱ्या दिशेने फिरतात. तिथे वेग कमी, व्यास मोठा, आणि काळजीच्या जागा म्हणजे पोलच्या किल्ल्या, दोन पोलमधल्या जोडपट्ट्या, ब्रेकचा ट्रॅक. त्यावर इथे लिहीत बसत नाही.

परत तुमच्या सेटकडे. चालू-बंदमुळे एक तास वाढतो जो कुणी मोजत नाही: बॅरिंग गिअरचा. टर्बाइन निवेपर्यंत शाफ्ट वाकू नये म्हणून तो सावकाश फिरवत ठेवावा लागतो. एवढ्या कमी वेगाला तांब्याला दाबून धरणारा भार जवळजवळ नसतो. प्रत्येक फेऱ्यात पट्ट्या स्लॉटमध्ये वर-खाली पडतात आणि एकमेकींवर घासतात. एका टर्नमध्ये दोन पट्ट्या असून त्यांच्यामध्ये इन्सुलेशन नसेल तर तांब्याची भुकटी तयार होते, आणि ती भुकटी दोन टर्नमध्ये पूल बांधते. म्हणजे टर्न शॉर्ट. सेट रोज थांबतो त्यामुळे बॅरिंगचे तास वर्षाला कित्येक पट होतात. टर्बाइनवाले जितके तास सांगतात तितके द्यायलाच हवेत, त्यात तडजोड नाही. पण सुट्टीच्या दिवशी "असू दे फिरत" म्हणून दिवस-दिवस फिरवत ठेवणं थांबवता येतं का, हे टर्बाइनच्या निर्मात्याकडून लेखी विचारून घ्या.

सेट स्टॅटिक स्टार्टरने (जनरेटरलाच वीज देऊन फिरवणाऱ्या यंत्रणेने) फिरवत असाल तर आणखी एक भर पडते. तेव्हा जनरेटर मोटरसारखा चालतो, कमी वेगातच त्याला फील्ड दिलेलं असतं, आणि स्टार्टरच्या करंटमधले हार्मोनिक्स (मूळ वारंवारतेच्या पटीतले जादा करंट) रोटरच्या पृष्ठभागावर, दात आणि वेजमधून करंट वाहवतात. एका स्टार्टला ते किरकोळ. मात्र लागोपाठ फसलेल्या तीन-चार स्टार्टमध्ये रोटरला निवायला वेळ मिळत नाही, म्हणून निर्मात्याने दिलेलं मधलं अंतर पाळा.

सिंक्रोनायझिंगही रोजचं झालं की त्याची शिस्त सैल होते, आणि एक वाईट सिंक्रोनायझिंग शाफ्टचं आणि कपलिंगचं जितकं आयुष्य खातं तितकं शेकडो चांगली खात नाहीत. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकात जनरेटरसाठी मर्यादा आहेत: जनरेटर आणि ग्रिड यांच्या व्होल्टेजच्या कोनात फरक १० अंशांपर्यंत, वारंवारतेत ०.०६७ हर्ट्झपर्यंत, व्होल्टेजमध्ये शून्य ते पाच टक्के. फरक १२० अंशांच्या आसपास असेल तर शाफ्टवरचा पिळाचा झटका सगळ्यात वाईट असतो. रोजच्या वापराने ब्रेकरची (सेट ग्रिडला जोडणाऱ्या स्विचची) यंत्रणा झिजते आणि त्याचा बंद होण्याचा वेळ बदलतो. ऑटो-सिंक्रोनायझरमध्ये मात्र जुनाच वेळ भरलेला राहतो. कमांड बरोबर क्षणाला जाते, संपर्क उशिरा मिटतो. ब्रेकरच्या टायमिंगची चाचणी वर्षातून एकदा आणि तो आकडा सिंक्रोनायझरमध्ये जुळवून पाहणं, एवढं केलंत तरी पुष्कळ.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: पोलाद वेगाच्या फेऱ्या मोजतं, तांबं फील्ड करंटच्या फेऱ्या मोजतं, इन्सुलेशन बॅरिंगचे तास मोजतं, रिंग ओलाव्याचे दिवस मोजते, आणि शाफ्ट वाईट सिंक्रोनायझिंग मोजतो. टर्बाइनच्या "समतुल्य तासां"सारखा एकच आकडा जनरेटरला लावायला गेलात तर यातल्या चार गोष्टी हातातून निसटतात.

म्हणून एक साधी वही किंवा एक्सेल शीट आजपासून सुरू करा. प्रत्येक स्टार्टला: किती वेगापर्यंत गेला, ग्रिडला जोडला का, सिंक्रोनायझिंगचा कोन किती होता, त्या दिवसाचा फील्ड करंटचा कमाल आणि किमान, लोडवर ट्रिप झाला की रीतसर उतरवला, त्यानंतर बॅरिंगवर किती तास, पूर्ण थांबलेला किती तास, आतली आर्द्रता किती. मागच्या वर्षांचं डीसीएसच्या (केंद्राच्या संगणकीय नियंत्रण यंत्रणेच्या) नोंदींतून जितकं मिळेल तितकं भरा. ही वही असली की निर्मात्याशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी असतं. नसली की तो सगळ्यात वाईट धरून सगळ्यात महाग उपाय सुचवतो, आणि त्याला दोषही देता येत नाही.

तपासण्यांपैकी काही रोटर न काढता होतात. टर्न शॉर्ट ओळखायला एअरगॅपमधला (रोटरभोवतीच्या फटीतला) फ्लक्स प्रोब (चुंबकीय क्षेत्र टिपणारा सेन्सर) सगळ्यात उत्तम, कारण तो पूर्ण वेगात, लोडवर बघतो. मोठ्या ओव्हरहॉलची वाट न पाहता तो बसवता येतो का ते विचारा. सेट थांबलेला असताना आरएसओ टेस्ट घ्या: वाइंडिंगच्या दोन्ही टोकांकडून छोटा पल्स सोडतात, दोन्ही आलेख एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. याची मर्यादा अशी की भुकटीने झालेला शॉर्ट थांबलेल्या अवस्थेत दिसतो आणि वेगात गायब होतो, किंवा उलट. त्यामुळे एका टेस्टवर निकाल देऊ नका. रोजच्या पाहण्यातली खूण म्हणजे त्याच मेगावॅटला, त्याच व्हारला, त्याच व्होल्टेजला फील्ड करंट आधीपेक्षा जास्त लागणं, आणि मेगावॅट तसेच ठेवून फक्त व्हार वाढवल्यावर व्हायब्रेशन हलणं. एखादा टर्न शॉर्ट झाला म्हणून सेट लगेच बंद करायची गरज नसते, कित्येक यंत्रं तशी वर्षं चालतात. पण आकडा वाढत असेल तर थांबा. आणि रोटर अर्थ फॉल्टचा (वाइंडिंगचं इन्सुलेशन फुटून ती पोलादाला टेकल्याचा) अलार्म आला तर तो कधीच "बघू उद्या" वर टाकू नका; दुसरा अर्थ फॉल्ट झाला तर करंट फोर्जिंगमधून वाट काढतो.

वाइंडिंगचा डीसी रेझिस्टन्स मायक्रो-ओहम पातळीवर मोजून, तापमानाची दुरुस्ती करून जुन्या आकड्याशी ताडा. सांध्यांमध्ये पानं तुटायला लागली की तो सरकतो, पण फार थोडा; म्हणून प्रत्येक वेळी तेच मीटर, त्याच जागी क्लिप, आणि रोटर पूर्ण निवलेला हवा. बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) रिंगच्या खालून घालता येत असेल तर लीड आणि पोलच्या जोडपट्ट्या पाहून घ्या, फोटो तारखेसह ठेवा. पुढच्या वेळी तुलना करायला तेच कामाला येतात.

रोटर कधी काढायचा? तुमची रिंग १८-१८ची असेल, लीड पानांच्या असतील आणि टर्न शॉर्ट नसतील तर टर्बाइनच्या पुढच्या मोठ्या ओव्हरहॉलपर्यंत थांबायला माझी हरकत नाही, मग तेव्हा रिंग उतरवून सगळं पाहा. लीड घन असतील तर मात्र मी ते काम टर्बाइनच्या वेळापत्रकाला बांधून ठेवणार नाही, पुढच्या मोठ्या शटडाऊनमध्येच घेईन. आणि रोटर बाहेर आलाच तर वेजच्या टोकांखालचे खांदे आणि रिंग बसण्याची जागा या दोन्हींची एडी करंट तपासणी त्याच वेळी करून घ्या; नुसत्या तपासणीसाठी रोटर पुन्हा काढायला कुणी परवानगी देत नाही.

वरिष्ठांना पटवायचं असेल तर आयुष्याच्या टक्केवारीत बोलू नका, दर स्टार्टच्या खर्चात बोला. लीड बदलणं, रिंगची तपासणी, फ्लक्स प्रोब, ब्रेकरची चाचणी यांचा खर्च पुढच्या आठ-दहा वर्षांच्या स्टार्टमध्ये वाटा आणि तो आकडा स्टार्ट-अपच्या दरात घालायला व्यावसायिक विभागाला द्या. जो सेट दुसऱ्यांच्या सौर विजेला जागा करून देण्यासाठी रोज थांबतो, त्याच्या झिजेची किंमत त्या विजेच्या हिशेबात दिसायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

पुढचं नेमकं सांगायला मला चार गोष्टी कळवा: रिंगचा मिश्रधातू कोणता, लीड आणि पोलची जोडपट्टी घन की पानांची, आजवरचे एकूण स्टार्ट अंदाजे किती, आणि शेवटची आरएसओ कधी झाली व तिचे दोन्ही आलेख कसे दिसत होते. स्टॅटिक स्टार्टर आहे की नाही हेही लिहा. त्यावरून कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर ते ठरवता येईल.